लाकडी जहाजांच्या प्रतिकृती आणि सुतारविद्येचा ऱ्हास : एक आढावा

लाकडी जहाजाची प्रमाणशीर प्रतिकृती, एकही तयार भाग विकत न आणता, तळाच्या कण्यापासून शिडाच्या दोऱ्यांपर्यंत सारे काही स्वतः घडवून उभी करण्याच्या कामाला या क्षेत्रात ‘स्क्रॅच बिल्डिंग’ म्हणतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे काम छंद म्हणून विलक्षण परिपक्व झाले. त्याच काळात खऱ्या आकाराची लाकडी जहाजे बांधणाऱ्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर तासणी, रंधा व पटाशी चालवणाऱ्या हातांची परंपराही क्षीण झाली. या दोन घटनांमधील संबंधाविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. एका मतानुसार प्रतिकृतिकार हा गोदीतील सुताराचा खरा वारस असून गोदीतून हद्दपार झालेली विद्या त्याच्या टेबलावर सुरक्षित राहिली आहे. दुसऱ्या मतानुसार हा गतकाळाच्या ओढीतून चाललेला उद्योग असून त्यात विद्येचे बाह्यरूप तेवढे शिल्लक उरते. प्रतिकृतीच्या इतिहासाचा, तिच्या बांधणीच्या पद्धतींचा आणि सुतारकामाच्या ऱ्हासाच्या कारणांचा एकत्र विचार केल्यास, दोन्ही मते सुतारविद्या ही एकजिनसी गोष्ट मानून चालतात आणि तेथेच चुकतात, असे दिसून येते.

विवेचनाआधी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रतिकृतीचे माप गुणोत्तराने सांगितले जाते. १:४८ या मापात जहाजाचा एक फूट प्रतिकृतीत पाव इंच होतो, त्यामुळे १६८ फूट लांबीचा तोफमजला असलेले जहाज साडेतीन फुटांत बसते. कारखान्यात कापून आलेले भाग जुळवून केलेली ती ‘किट’ची प्रतिकृती, तर नकाशावरून प्रत्येक भाग स्वतः आखून, कापून, घासून केलेली ती स्क्रॅचची. मायकेल पोलानी यांनी ‘अव्यक्त ज्ञान’ अशी एक कल्पना मांडली. जे ज्ञान कृतीतून प्रकट होते पण शब्दांत पूर्णपणे सांगता येत नाही, आणि म्हणून जे ग्रंथातून नव्हे तर सहवासातून शिकावे लागते, ते हे ज्ञान होय. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर-रचना शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये कारागिरीचे दोन प्रकार कल्पिले : ज्या कामाचा परिणाम शेवटच्या घावापर्यंत कारागिराच्या सावधपणावर अवलंबून असतो ती ‘जोखमीची कारागिरी’, आणि ज्याचा परिणाम साचा किंवा यंत्र आधीच ठरवून टाकते ती ‘खात्रीची कारागिरी’. पुढील चर्चेत या दोन्ही कल्पनांचा वारंवार उपयोग होईल.

गोदीचे साधन म्हणून प्रतिकृती

प्रतिकृती ही मुळात शोभेची वस्तू नव्हती. युरोपातील, विशेषतः डेन्मार्कमधील चर्चमध्ये नवसाची जहाजे टांगण्याची प्रथा जुनी आहे. परंतु ती श्रद्धेची प्रतीके असल्याने त्यांत मापाचा आग्रह क्वचितच दिसतो. मापाला महत्त्व आले ते सतराव्या शतकाच्या मध्यापासून, जेव्हा इंग्लंडमध्ये आरमारी जहाजांच्या बारीक मापाच्या प्रतिकृती गोद्यांत तयार होऊ लागल्या. आरमाराचे बांधकाम पाहणाऱ्या ‘नेव्ही बोर्ड’ या मंडळाच्या नावाने आज त्या ओळखल्या जातात. बहुधा १:४८ मापाच्या या प्रतिकृतींत जहाजाच्या खालच्या भागावर फळ्या बसवल्या जात नसत. त्यामुळे आतील लाकडी वाक, म्हणजे कण्यातून दोन्ही बाजूंना उठणाऱ्या बरगड्या, उघड्या दिसत. सॅम्युअल पेपीस या आरमारी अधिकाऱ्याच्या रोजनिशीतही अशा प्रतिकृतींचे उल्लेख येतात. ज्यांना नकाशा वाचता येत नसे, अशा राजापुढे किंवा दरबाऱ्यांपुढे बांधणीचा प्रस्ताव मांडण्यासाठी हे साधन सोयीचे होते. जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा लावण्याची महागडी कल्पना तिसऱ्या जॉर्ज राजाला पटवण्यासाठी ‘बेलोना’ या ७४ तोफांच्या जहाजाची प्रतिकृती वापरली गेली, असे मानले जाते. आज ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेच्या अ‍ॅनापोलिस येथील नौदल अकादमीच्या संग्रहालयात या प्रतिकृतींचे मोठे संग्रह आहेत.

याहून अधिक लक्षणीय परंपरा अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वाढली. तेथील गोद्यांत जहाजाच्या एकाच बाजूची, म्हणजे अर्ध्या सांगाड्याची प्रतिकृती आधी कोरली जाई. तिला ‘हाफ मॉडेल’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्टच्या ऑर्लँडो मेरिल यांना १७९४ च्या सुमारास या पद्धतीत एक महत्त्वाची सुधारणा करण्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. त्यांनी प्रतिकृती अखंड ठोकळ्यातून न कोरता, एकावर एक ठेवलेल्या आडव्या फळ्यांच्या थप्पीतून कोरली. कोरून झाल्यावर फळ्या सुट्या केल्या की प्रत्येक फळीची कड ही पाण्याच्या त्या पातळीवरील जहाजाची रेषा ठरे; ती मोजून, प्रमाणात वाढवून, गोदीच्या माळ्यावरील प्रशस्त लाकडी जमिनीवर खऱ्या मापात आखली जाई आणि त्या आखणीवरून वाकांचे साचे कापले जात. येथे नकाशा ही प्रतिकृतीची जननी नव्हती. प्रतिकृतीच नकाशाची जागा घेत होती. जहाजाचा आकार बोटांनी चाचपून, चाकू व रंध्याने थोडा थोडा सुधारून ठरत असे, आणि हा निर्णय करणारी व्यक्ती पुढे तेच जहाज बांधणार असे. प्रतिकृतिकार व जहाजबांधणारा हे दोन व्यवसाय वेगळे नव्हते, हा या काळाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.

या अर्ध्या प्रतिकृतींचे मोल पुढे अनपेक्षित रीतीने सिद्ध झाले. १९३६-३७ मध्ये, महामंदीच्या काळात बेकार झालेल्या जहाज-आरेखकांना काम देण्यासाठी अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या सहकार्याने व्यापारी जहाजांची एक ऐतिहासिक पाहणी हाती घेण्यात आली. तेव्हा अनेक नौकाप्रकारांचे कागदी नकाशे कधी काढलेच गेले नव्हते, असे आढळले. कुजत पडलेले सांगाडे आणि गोदीमालकांच्या घरांत टांगलेल्या अर्ध्या प्रतिकृती मोजूनच ते आकार कागदावर उतरवावे लागले. पुढे हॉवर्ड चॅपेल यांनी अमेरिकी शिडाच्या नौकांवर जे ग्रंथ लिहिले, त्यांच्या पायाशी याच प्रकारची सामग्री होती.

लाकडाकडून मेणाकडे

प्रतिकृती आणि जहाज यांच्यातील नाते किती फसवे असू शकते, हे गॅलिलिओ यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्हेनिसच्या गोदीचाच दाखला देऊन दाखवले होते. लहान नौकेला जे आधार पुरतात ते त्याच प्रमाणात वाढवले तरी मोठ्या जहाजाला पुरत नाहीत. कारण आकार दुप्पट झाला तर लाकडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणूनच प्रतिकृतीत भक्कम वाटणारा सांधा जहाजात तुटू शकतो. गोदीतील सुतारांना ही गोष्ट गणिताशिवाय ठाऊक होती; प्रतिकृतीतून आकार घेताना लाकडाची जाडी मात्र ते रूढ नियमांनी आणि अनुभवाने वेगळी ठरवीत.

एकोणिसाव्या शतकात हे नाते गणिताने बांधले गेले. विल्यम फ्राउड यांनी इंग्लंडमधील टॉर्की येथे आरमाराच्या खर्चाने एक लांब हौद बांधून घेतला आणि १८७२ पासून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा रोध मोजण्यास सुरुवात केली. प्रतिकृतीचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी केला, तर तिने उठवलेल्या लाटा जहाजाच्या लाटांशी प्रमाणशीर राहतात, हा त्यांचा नियम. त्यानुसार १:४८ मापाची प्रतिकृती जहाजाच्या सुमारे एक सप्तमांश वेगाने ओढावी लागते. फ्राउड यांच्या प्रतिकृती लाकडाच्या नव्हत्या, पॅराफिन मेणाच्या होत्या. कारण मेण चटकन कापता येते, आकारात बदल करून पुन्हा तपासता येते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. जहाजाचा आकार ठरवण्याचा अधिकार या टप्प्यावर सुताराच्या बोटांकडून अभियंत्याच्या आलेखाकडे गेला. त्याच सुमारास जहाजेही लोखंडाची व पुढे पोलादाची झाली, आणि लाकडी प्रतिकृतीला गोदीत करण्यासारखे काम उरले नाही. ती तेथून बाहेर पडली आणि घराघरांत छंद म्हणून पुन्हा जन्माला आली.

छंद, किट आणि प्लॅस्टिक

लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा त्याचा वाचक हा घरी लेथ किंवा सुतारकामाचे बाक असलेला, अनेकदा कारखान्यात नोकरी करणारा माणूस होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विमाने व जहाजे यांच्या प्रतिकृती करण्यासाठी मुलांनाही चाकू, कानस व सँडपेपर यांचा वापर यावा लागे. बाजारात मिळणाऱ्या किटमध्येही पुष्कळदा ओबडधोबड कापलेले लाकडी ठोकळे आणि एक नकाशा एवढेच असे. हे कौशल्य किती सर्वसाधारण होते याची कल्पना एका गोष्टीवरून येते. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाला शत्रूची व मित्रांची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी १:७२ मापाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती हव्या होत्या, आणि त्या करून देण्याचे काम देशभरातील शाळांच्या सुतारशाळांकडे सोपवण्यात आले.

हे चित्र युद्धानंतर बदलले. प्लॅस्टिकची पहिली किट ब्रिटनमधील फ्रॉग या कंपनीने १९३६ मध्येच आणली होती. परंतु १९५२ मध्ये एअरफिक्सने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाची स्वस्त पॉलिस्टायरीन किट वुलवर्थच्या दुकानांतून विकायला सुरुवात केल्यावर बाजार वेगाने पालटला. पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबून भरले की प्रत्येक भाग तंतोतंत सारखा निघतो. पाय यांच्या भाषेत, जोखीम साचा करणाऱ्या कारागिराकडे गेली आणि मुलाकडे केवळ जुळवणी व रंगकाम उरले. एकाच वस्तूच्या हजारो चांगल्या प्रतिकृती घरोघरी गेल्या, हा याचा लाभ होता. मात्र लाकूड तासत तासत आकार शोधण्याची, चुकलेला भाग टाकून पुन्हा करण्याची सवय मुलांच्या पिढीतून निघून गेली.

जे मूठभर लोक स्क्रॅचलाच चिकटून राहिले, त्यांच्या कामाची खोली मात्र वाढत गेली. अमेरिकेत १९४८ मध्ये नॉटिकल रिसर्च गिल्ड ही संस्था स्थापन झाली आणि प्रतिकृतीइतकेच महत्त्व तिच्यामागील संशोधनाला मिळू लागले. ऑगस्ट क्रॅबट्री यांनी नौकानयनाच्या इतिहासाचा पट उलगडणारी सोळा लघुजहाजे कोरली. ती व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. हॅरॉल्ड हान यांनी वसाहतकालीन अमेरिकी स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या चपळ जहाजांच्या प्रतिकृतींसाठी एक कल्पक पद्धत बसवली : खाचा पाडलेल्या पाटावर वाक उलटे खोचायचे, सांगाडा उलटाच उभा करायचा आणि कणा नंतर बसवायचा. फ्रान्समध्ये झाँ बुद्रियो या वास्तुरचनाकाराने १९७० च्या दशकात ७४ तोफांच्या जहाजावर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध करून, अशा जहाजाचे जवळजवळ प्रत्येक लाकूड कोठे, कोणत्या आकाराचे व कोणत्या सांध्याने बसते हे रेखाटले. आज १:४८ मापाच्या उत्तम प्रतिकृतींत फळ्या बसवण्यासाठी वापरलेल्या लाकडी खिळ्यांचेही अनुकरण होते. दीड इंच व्यासाचा असा खिळा प्रतिकृतीत सुमारे ०.८ मिलिमीटरचा होतो; तो बांबूची काडी भोकांच्या पोलादी जंत्रीतून क्रमाक्रमाने ओढून तयार करतात.

येथे एक बदल नोंदवणे आवश्यक आहे. गोदीतील प्रतिकृतिकार जहाजे पाहून, बांधून शिकलेला असे. आधुनिक प्रतिकृतिकार मुख्यतः ग्रंथ, नकाशे व जुन्या प्रतिकृती पाहून शिकतो. विद्येचा ओघ हातातून कागदावर आणि कागदावरून पुन्हा हातात असा वळसा घेऊन आला, आणि त्या वळशात जे कागदावर उतरले नव्हते ते गळून पडले.

ऱ्हासाची कारणे

सुतारविद्येच्या ऱ्हासाचे खापर बहुधा यंत्रांवर फोडले जाते. परंतु कारणे अधिक गुंतलेली आहेत. पहिले कारण पदार्थांचे. पोलाद, प्लायवूड आणि काचतंतूचा प्लॅस्टिक लेप, ज्याला मच्छीमार व नौकाबांधणारे ‘फायबर’ म्हणतात, यांनी लाकडाची जागा घेतली. फायबरची नौका साच्यात घडते. एकच चांगला साचा वर्षानुवर्षे पुरतो, नौकेला कीड लागत नाही आणि दरवर्षी फटी बुजवाव्या लागत नाहीत. दुसरे कारण लाकडाचे. जुन्या गोद्यांना वाकांसाठी झाडाच्या खोडातून फांदी फुटते तेथील नैसर्गिक वळणाचे लाकूड लागे. ते निवडण्याचे ज्ञान जंगलाशी असलेल्या संबंधावर टिकून होते, आणि जंगल दुर्मीळ व महाग झाल्यावर ते ज्ञानही निरुपयोगी ठरले. तिसरे कारण श्रमसंघटनेचे. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार आधुनिक उद्योग कामाची कल्पना व अंमलबजावणी एकमेकींपासून तोडतो, निर्णय कार्यालयात नेतो आणि कामगाराकडे केवळ हालचाल ठेवतो. लाकूडकामाला हे विवेचन बरेचसे लागू पडते, मात्र सर्वस्वी नाही. नौकेची डागडुजी हे काम आजही असे आहे की त्यात प्रत्येक फळी वेगळी असते आणि निर्णय जागेवरच करावा लागतो.

चौथे कारण शिक्षणाचे असून त्याची उपेक्षा सर्वांत जास्त झाली आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या पुढाकाराने १८६६ च्या शाळा-कायद्यात हस्तकामाला स्थान मिळाले. स्वीडनमधील नॅस येथे ओटो सालोमन यांनी ‘स्लॉइड’ ही पद्धत विकसित केली. त्यात सोप्याकडून अवघडाकडे जाणारी लाकडी वस्तूंची मालिका विद्यार्थी चाकू, रंधा व करवत वापरून करत असे. हेतू सुतार घडवण्याचा नव्हता, अचूकपणा व निर्णयशक्ती घडवण्याचा होता. हाताने शिकण्याचा विचार महाराष्ट्रात अधिक मूलगामी रूपात मांडला गेला : ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची रूपरेषा ठरली, आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांमध्ये सूतकताई-विणकाम व शेती यांबरोबर सुतारकामही सुचवले. ही योजना देशभर रुजली नाही. १९५० पासून सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम शिकवले गेले, परंतु तेथे ते सामान्य शिक्षणाचा भाग राहिले नाही, केवळ रोजगाराचा एक मार्ग झाले. इंग्लंडमध्ये १९९० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्वतंत्र लाकूडकामाची जागा रचना व तंत्रज्ञान या व्यापक विषयाने घेतली. भारतात या ऱ्हासाला जातीचा एक पदरही आहे. सुतारकाम कुळात चालत आले, म्हणून ते टिकले. आणि कुळाबाहेरच्यांनी ते शिकण्याजोगे मानले नाही, म्हणून कुळातील मुलांनी दुसरा मार्ग धरताच त्याला वारस उरला नाही.

प्रतिकृतीत काय टिकते

या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्नाकडे वळता, जहाज बांधण्याच्या विद्येचे तीन थर वेगळे करावे लागतात : आकाराचे ज्ञान, क्रमाचे ज्ञान आणि ओझ्याचे ज्ञान.

आकाराचे ज्ञान, म्हणजे नाळेची, पुढच्या टोकाची वळणे, पोटाची रुंदी, मागच्या भागाचा उठाव ही सारी रेषांची समज, प्रतिकृतीत उत्तम टिकते. अमेरिकी पाहणीत अर्ध्या प्रतिकृतींनी ते सिद्धच केले. काही बाबतींत प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा दीर्घायुषी ठरते. जपानमधील नारा येथील गान्गोजी मंदिरात आठव्या शतकातला सुमारे साडेपाच मीटर उंचीचा पाच मजली लाकडी पॅगोडा आहे. तो मोठ्या पॅगोडाची लहान मापातली रचना मानला जातो, आणि त्या काळच्या बांधणीची साक्ष म्हणून अभ्यासकांना त्याचा आधार मिळतो.

क्रमाचे ज्ञान, म्हणजे कोणते लाकूड कोणत्या लाकडानंतर बसते आणि का, हे अर्धवट टिकते. बुद्रियो यांच्या पद्धतीने सरळ बांधलेल्या प्रतिकृतीत गोदीतील क्रम बराचसा पाळला जातो. हान यांच्या उलट्या पाटावर मात्र अंतिम वस्तू तीच असली तरी बांधण्याचा क्रमच बदलतो, कारण लहान मापात तो बदल सोयीचा असतो आणि मोठ्या मापात अशक्य. पूर्ण झालेल्या प्रतिकृतीकडे पाहून ती कोणत्या क्रमाने घडली हे सांगता येत नाही. म्हणून प्रतिकृतीबरोबर बांधणीची नोंद ठेवली नाही तर हा थर निसटतो.

ओझ्याचे ज्ञान, म्हणजे जिवंत लाकडाचे वजन, ताण, ओल व सुकणे यांच्याशी हातांनी केलेला व्यवहार, प्रतिकृतीत येऊच शकत नाही. लाकडाचे तंतू प्रमाणात लहान होत नाहीत. म्हणूनच प्रतिकृतिकार सागाऐवजी बॉक्सवूड किंवा पेअरवूड अशी अत्यंत बारीक तंतूंची लाकडे वापरतात. एक मिलिमीटर जाडीची पट्टी भिजवून बोटांनी वाकवता येते, तर तीन इंची फळी वाफेच्या पेटीतून काढल्यावर थंड होण्याच्या आत, चार-सहा जणांनी एकमेकांच्या हालचालींशी मेळ घालून जागेवर दाबावी लागते. ती तडकली तर लाकूड, दिवस आणि मजुरी तिन्ही वाया जातात. तासणीने वाकाची कड उतरवताना पावलांची ठेवण आणि घावाचा कोन यांचा मेळ हा पोलानी यांच्या अव्यक्त ज्ञानाचा नमुना असून, टेबलावरच्या छोट्या चकती-करवतीने त्याची जागा भरून निघत नाही. शिवाय गोदीतील निर्णय वेळ व पैसा यांच्या दडपणाखाली होतात. पुरेसे चांगले काम कोठे थांबवायचे हे कळणे हाही कौशल्याचाच भाग आहे, आणि छंदात, जेथे एका प्रतिकृतीला वर्षानुवर्षे देता येतात, हे दडपण नसते.

कोकण व गोव्यातील स्थिती

पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात कागदी नकाशा आणि नजरेची विद्या या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. ही जहाजे इंग्लंडहून येणाऱ्या नकाशांवर बेतलेली असत. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेल्या ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकेचे नकाशे ‘जावा’ या जहाजातून येत असताना, १८१२ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेने ते जहाज नष्ट केले आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले. त्यानंतर जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

याउलट गलबत, फत्तेमारी, मचवा, बतेला या नौकांच्या बांधणीत कागदी नकाशाला स्थान नव्हते; पठाण, म्हणजे तळाचा कणा मांडला की वाकांची वळणे मेस्त्री नजरेने व ठरलेल्या प्रमाणांनी लावत असे. त्यामुळे या नौकांची मोजमापे घेऊन ठेवण्याचे काम बाहेरच्यांनी केले. फ्रान्सचे नौदल अधिकारी एदमाँ पारिस यांनी आपल्या सफरींत युरोपबाहेरच्या नौकांची रेखाटने केली, त्यांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील पट्टमार, म्हणजेच फत्तेमारी, हीही होती. पुढे लूव्रमधील नौदल संग्रहालयाचे प्रमुख या नात्याने अशा रेखाटनांवरून त्यांनी प्रतिकृती करवून घेतल्या. कोकणच्या नौकांच्या मापांचा शोध घेणाऱ्याला पॅरिसच्या दिशेने पाहावे लागते, हे या किनाऱ्याच्या विद्येविषयी बरेच काही सांगून जाते : ती हातात पूर्ण होती, म्हणून कागदावर आली नाही, आणि हात थांबल्यावर तिच्या पुनर्रचनेसाठी स्थानिक साधन उरले नाही.

अलीकडचे एक उदाहरण या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकते. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातल्या जहाजावर आधारित, खिळ्यांशिवाय काथ्याच्या दोरीने शिवलेले जहाज बांधण्याचा प्रकल्प संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्या करारातून २०२३ मध्ये सुरू झाला. चित्रातून बाह्यरूप मिळत होते, आतली रचना मिळत नव्हती. आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घेऊन सांगाड्याचे पाण्यातील वर्तन तपासण्यात आले; फळ्या शिवण्याचे काम मात्र केरळच्या बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी हातांनी केले. सुमारे २० मीटर लांबीचे हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. १९८० मध्ये टिम सेव्हरिन यांनी ओमानमधील सूर येथे बांधलेल्या ‘सोहार’ या शिवलेल्या जहाजालाही मलबारचे लाकूड आणि लक्षद्वीपचे शिवणारे हात लागले होते. दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते : रेखाटन आणि प्रतिकृती आकाराचा प्रश्न सोडवतात, परंतु जहाज समुद्रावर नेण्याजोगे करण्यासाठी ज्यांच्या हातात ती विद्या अजून चालू आहे असे कारागीर शोधून आणावे लागतात. ते मिळाले, म्हणून हे प्रकल्प तडीस गेले.

नव्या यंत्रांचा प्रश्न

लेझरने लाकूड कापणारी, संगणकाच्या आज्ञेने कोरणारी आणि थरावर थर चढवून वस्तू छापणारी यंत्रे आता प्रतिकृतिकारांच्याही आवाक्यात आली आहेत. स्वतः संगणकावर आखलेला भाग लेझरने कापला तर ती प्रतिकृती स्क्रॅचची म्हणावी की किटची, असा वाद या वर्तुळांत चालतो. पाय यांच्या विवेचनातून पाहता हा वाद नावाचा नाही. जोखीम कोठे आहे, याचा आहे. लेझर-कापणीत जोखीम आरेखनात जाते, आणि आकाराचे ज्ञान तेथे पूर्वीइतकेच कसाला लागते. त्यामुळे या यंत्रांनी आकाराच्या थराला धोका नाही. उलट जुन्या नौकांचे लेझरने मोजमाप घेऊन त्यांचे आकार जतन करण्याची शक्यता त्यांनी वाढवली आहे. आधीच पातळ झालेला ओझ्याचा थर मात्र त्यांच्यामुळे आणखी पातळ होतो. प्रतिकृतिकाराच्या बोटांना लाकडाच्या तंतूंचा जो थोडाफार परिचय होत असे, तोही होईनासा होतो.

समारोप

प्रतिकृतिकार हा वारस की केवळ स्मरणकर्ता, या वादाचा निकाल एका शब्दात देता येत नाही. आकाराच्या बाबतीत तो वारस आहे आणि काही ठिकाणी एकमेव वारस आहे. क्रमाच्या बाबतीत तो अर्धा वारस आहे, आणि त्याने काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या तरच. ओझ्याच्या बाबतीत तो वारस होऊच शकत नाही, कारण ते ज्ञान खऱ्या आकाराच्या कामातच उत्पन्न होते व तेथेच हस्तांतरित होते. जपानमधील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते, शेवटचे २०१३ मध्ये. त्यामुळे प्रत्येक पिढीतील सुताराला शिकाऊ म्हणून एकदा आणि शिकवणारा म्हणून एकदा ते काम करण्याची संधी मिळते. तेथे विद्या टिकली, कारण कामाची मागणी नियमित राहिली. याउलट जपानच्याच लाकडी होड्यांच्या बाबतीत मागणी थांबली, आणि डग्लस ब्रूक्स हा अमेरिकी नौकाबांधणारा ज्या वृद्ध कारागिरांकडे शिकला, त्यांपैकी बहुतेकांचा तोच एकमेव शिष्य ठरला.

कोकण व गोव्याच्या संदर्भात याचा अर्थ व्यवहारी आहे. अजून पाण्यात असलेल्या लाकडी नौकांची मापे घेऊन त्यांच्या प्रतिकृती करणे उपयुक्त आहे, परंतु त्या प्रतिकृती नौका बांधणाऱ्या मेस्त्रीच्या देखरेखीखाली, त्याच्याच क्रमाने आणि त्या क्रमाची नोंद ठेवून व्हायला हव्यात. अन्यथा त्यांतून आकार तेवढा उरेल. त्याबरोबरच ठरावीक काळाने एखादी खऱ्या आकाराची लाकडी नौका बांधून घेण्याची तजवीज शासनाने, संग्रहालयांनी किंवा नौदलासारख्या संस्थांनी केली नाही, तर कितीही सुंदर प्रतिकृती झाल्या तरी त्यांच्यावरून पुन्हा जहाज बांधणारा हात उपलब्ध राहणार नाही. प्रतिकृती ही सुतारविद्येचा पर्याय म्हणून अपुरी आहे. चालू गोदीची सोबती म्हणून ती आजही तितकीच उपयुक्त आहे, जितकी ती न्यूबरीपोर्टच्या किंवा इंग्लंडच्या गोद्यांमध्ये होती.